गोपिकाबाईंची रेशमी अडली तेव्हा

आमच्या खापरखेड्याच्या कॉलनीमागे गोपिकाबाई ढोबळेंचा गाईंचा कोठा आहे. आठ गाई, कुटाराचा म्हणजे वाळल्या चाऱ्याचा ढीग आणि या सगळ्यांवर एकटी बाईंची जीभ. पॉवर हाऊसमधून रिटायर झालो तेव्हापासून मी रोज सकाळी किटली घेऊन तिथे जातो. दुधापेक्षा बोलणी खायला जातो, असं माझी बायको म्हणते. बाई पन्नाशी ओलांडलेल्या, हाडापेराने मजबूत आणि जन्माने पायाळू, म्हणजे आईच्या पोटातून पाय आधी बाहेर आलेल्या. पायाळू माणसाची लाथ बसली की कमरेतली उसण पळते, असं आपल्याकडे मानतात. म्हणून अर्धी कॉलनी त्यांच्यापुढे पाठ करून उभी राहिलेली आहे. मीही राहिलोय. उसण गेली की नाही ते सांगता येत नाही, पण परत जायची हिंमत झाली नाही.

या बाईंनी पंचवीस वर्षांत कितीतरी अडलेल्या गाई सोडवल्या. पार सावनेरकडचे लोक त्यांना मोटारसायकलवर बसवून न्यायचे. हात आत गेला की त्या डोळे मिटायच्या आणि आतलं सगळं समोर मांडल्यासारखं सांगायच्या. खोड एकच. ‘माझं चुकलं’ हे त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. नवरा होता तोवर चुका त्याच्या नावावर जायच्या, तो गेल्यावर गाईंच्या.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. सकाळचे आठ वाजले होते. मला भाचीच्या लग्नाचं कापड घ्यायला नागपूरला गांधीबागेच्या बाजारात जायचं होतं, म्हणून मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दुधाला गेलो होतो. पाहतो तर रेशमी आडवी पडलेली. रेशमी म्हणजे कोठ्यातली एकच गाय जिला बाई शिव्या देत नाहीत. आई मेलेली होती तिची. बाईंनी बाटलीने दूध पाजून वाढवली. आता दुसऱ्या वेताला ती अडली होती. दोन तासांपासून कळा येत होत्या आणि दोन खूर बाहेर येऊन तिथेच थांबले होते.

गुरांच्या डॉक्टर मॅडम दुसऱ्या गावात एका म्हशीपाशी होत्या, यायला तास लागणार होता. फोनवर त्यांनी बजावलं की नीट तपासल्याशिवाय ओढू नका. पण बाईंचा हात तोवर साबणाच्या पाण्यातून आत गेलेला होता. एका पायावरून तो वर सरकला, मागच्या पायाचा टोकदार सांधा लागला, आणि बाईंचा चेहरा एकदम उजळला.

“पायाळू हाये,” त्या म्हणाल्या. “माह्याच जातीचं.”

झालं. आम्ही सगळे हरखलो. पायाळू वासरू पायाळू बाईच्या हाती यावं, याहून चांगला शकुन कोणता? उकळलेली सुती दोरी दोन्ही पायांना बांधली गेली. एक टोक मी धरलं, दुसरं शेजारच्या विक्कीने. हा ट्रक चालवतो, मनगट खांबासारखं. शेपटी धरून उभी होती रीना, बाईंची सून. लग्नाला सहा महिने झालेली नागपूर शहरातली पोर, गाय शिंकली तरी दचकणारी. कळ आली तसं बाईंनी खुणावलं आणि आम्ही ओढलं. काहीच हललं नाही. रेशमी हंबरली ती ऐकवेना.

तेव्हा रीना हळूच म्हणाली, “आई, एका पायाचा तळवा वर हाये. दुसऱ्याचा खाली काहून हाये?”

बाई तिच्यावर डाफरल्या. पोटात पाय मुरगळतो, तुझ्या बापाच्या दुकानातला कापडाचा तागा आहे का हा, असं काहीबाही बोलल्या. पुढची कळ आली, आम्ही पुन्हा ओढलं, आणि या वेळी रेशमीने मान जमिनीवर टाकली. डोळे पांढरे व्हायला लागले. ही गाय आता आमच्या हातानेच मरणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

बाईंना ते माझ्याआधी दिसलं असावं. त्यांनी परत हात आत घातला, या वेळी दुसऱ्या पायावरून, सावकाश. सांधा लागला तो गुडघ्याचा. म्हणजे पाय पुढचा, म्हणूनच त्याचा तळवा खाली. हात आणखी वर गेला आणि भलत्याच अंगाला जाऊन पोचला. बाईंनी डोळे उघडले.

“सोडा दोर,” त्या म्हणाल्या. “माह्यं चुकलं. हे दोघायचे पाय हायेत.”

जुळं! एक वासरू मागचे पाय पुढे करून निघालेलं, दुसरं तोंडाने, आणि दोघांचा एकेक पाय धरून आम्ही दोघांनाही एकाच दारातून खेचत होतो. मला हसावं की रडावं कळेना. बाईंनी पुढच्या पायाची दोरी सोडली, कळ ओसरल्यावर तो पाय हलकेच आत सारला आणि पायाळू वासराचा हरवलेला दुसरा पाय शोधू लागल्या. थंडीतही त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. हात बधिर झाला की बाहेर काढायचा, रीनाने तो खसाखसा चोळायचा, की पुन्हा आत. तिसऱ्या वेळी पाय सापडला आणि सोडलेली दोरी त्याला बांधली गेली.

आता मात्र घाई. वासराचं कंबरडं बाहेर आलं की नाळ दाबली जाते, श्वास पोटातच कोंडतो. आम्ही जीव खाऊन ओढलं. वासरू सर्रकन बाहेर आलं आणि मी शेणात बसलो, शर्टासकट. कालवड होती. पण हालचाल नव्हती. रीनाने, त्या दचकणाऱ्या पोरीने, तिच्या नाकातला चिकट द्रव बोटांनी काढला, गवताची काडी नाकात फिरवली, गोणपाटाने छाती घासली. कालवड शिंकली. रीना दचकली नाही. ती मोठ्याने हसली, आणि विक्कीसारखा माणूस डोळे पुसायला लागला. दुसरं वासरू तर जागा मिळताच आपल्या मनाने, नाक पुढे काढून आलं. तीही कालवडच. मला इतका आनंद माझ्या रिटायरमेंटच्या दिवशीही झाला नव्हता.

मॅडम आल्या तेव्हा रेशमी उभी राहून दोघींना चाटत होती. त्यांनी गाय तपासली, सुई टोचली आणि उपचाराचा कागद काढून लिहायला बसल्या. असं गुंतलेलं जुळं घरच्या घरी सोडवलं, कमाल आहे बाईंची, म्हणाल्या. आणखी दोनचार हिसके बसले असते तर पिशवीच फाटली असती. मला वाटलं, आता बाई फुगणार आणि उद्यापासून दुधासोबत आम्हाला हेच ऐकावं लागणार.

“दोन हिसके मीच मारायले लावले होते, मॅडम,” गोपिकाबाई म्हणाल्या. “सुनेनं पाय उलटेसुलटे दाखवले, तर तिलेच बोलली मी. ते भी लिहा.”

मॅडम हसून म्हणाल्या की तसं लिहायला या कागदावर जागा नसते.

“मंग मागच्या बाजूनं लिहा,” बाई म्हणाल्या, आणि मॅडमनी कागद उलटेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.