होडीच्या तळाची पिकअप

कोणी न विचारता सल्ला दिला, की काकी खिडकीतून हात बाहेर काढून गाडीच्या दारावर एक थाप मारायची आणि म्हणायची, ‘‘तुका कोणी इचारल्यान?’’ त्या थापेने पत्र्याचा थोडा गंज खाली पडायचा. सल्ला देणारा एक पाऊल मागे सरायचा आणि तेवढ्यात गाडी निघून गेलेली असायची.

तुमच्यापैकी कोणी मालवणला सुट्टीत येऊन गेलं असेल तर ती गाडी तुम्ही पाहिली असणार. लांब नाकाची, गोल दिव्यांची, एकेकाळी निळी असलेली जुनी पिकअप. सकाळी बंदरावरून कुडाळच्या रस्त्याला लागायची. पुढे स्टिअरिंगवर सगळ्या बंदराची काकी, शेजारी दोन मासेवाल्या, मागे बर्फ आणि टोपल्या. पर्यटक तिचे फोटो काढायचे. काकी फोटोसाठी कधी थांबली नाही, आणि वाटेत कोणी उभा राहिला तर हॉर्नवरचा हात काढत नसे.

मी पाट्या रंगवतो. म्हणजे रंगवायचो असं म्हणायला हवं, कारण फ्लेक्स आल्यापासून आमच्या धंद्याची पार माती झाली. आता होड्यांवरची नावं आणि नंबर, एवढंच उरलंय. काकीच्या गाडीचा नंबर मात्र दरवर्षी माझ्याच हातचा. मी रंगवत असताना ती मागे उभी राहून बघायची. ‘‘तो आठ तिरको झालो,’’ म्हणायची. तो तिरका नसायचा. तरी मी तो पुसून पुन्हा काढायचो, कारण वाद घातला तर दुपार जायची.

गाडी मुळात तिच्या नवऱ्याची. त्याची नजर अधू व्हायला लागली तेव्हा त्याने तिला सड्यावर नेऊन गाडी शिकवली. सड्यावर आपटायला काही नव्हतं, नुसता जांभा दगड आणि गवत. मग काही वर्षं ती चालवायची आणि तो शेजारी बसायचा. आवाजावरून कुठलं वळण आलं ते सांगायचा, आणि बहुतेक वेळा चुकायचा. काकी ‘‘व्हय, व्हय’’ म्हणायची आणि आपल्या डोळ्यांनी चालवायची. तो गेल्यावर त्या जागेवर मासेवाल्या बसू लागल्या.

या मासेवाल्यांचं सांगितल्याशिवाय काकी कळणार नाही. टोपली घेऊन एसटीत चढलं की सगळी गाडी नाकाला रुमाल लावते. रिक्षावाले लांबूनच मान हलवतात. ज्यांना दुपारी ताटात बांगडा लागतो त्यांनाच सकाळी त्याचा वास सोसत नाही, हे आपलं जुनं दुखणं. एकदा कुडाळच्या बाजारात एका कडक इस्त्रीच्या माणसाने काकीला गाडी लांब लावायला सांगितलं, वास येतो म्हणून. काकीने त्याला विचारलं, आज जेवायला काय? तो म्हणाला, आज सोमवार आहे. ‘‘मगे वास आजच येतलो,’’ काकी म्हणाली. ‘‘उद्या सकाळी ये, उद्या येवचो नाय.’’ दुसऱ्या दिवशी तो खरंच आला आणि पापलेट घेऊन गेला, असं काकी सांगायची. यातलं किती खरं ते मला ठाऊक नाही.

तर अशी गाडी एके दिवशी रस्त्यातच फाटली. बर्फाचं पाणी आणि खारा वारा यांनी मागचा तळ आतून खाऊन टाकला होता. छोटा घाट उतरताना एक अख्खी टोपली तळातून खाली गेली आणि रस्ताभर बांगडे पसरले. मासेवाल्या रडकुंडीला आल्या. गॅरेजवाल्याने खाली शिरून पाहिलं आणि सांगितलं, चासी जोड देऊन चालेल, पण तळ आणि बाजू संपल्या. पासिंग जवळ आलं होतं. अशी गाडी पास होणार नव्हती. आता काहीतरी ठरवणं भाग होतं.

काकीच्या मुलाचं आधीच ठरलं होतं. समुद्राजवळ त्याच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी होत्या. गाडी मागून कापायची, आत शेगडी, पुढे फळी, वर रंगीत दिवे. गुलाबी रंग द्यायचा आणि सोलकढी नि तळलेली मासळी विकायची. लोक रील काढतील, गर्दी होईल. मुलगा वाईट नव्हता हो. आईचे गुडघे त्याला दिसत होते. तिने सावलीत खुर्चीवर बसून पैसे घ्यावेत आणि आंबोलीहून आणलेल्या त्याच्या बायकोने शेगडी सांभाळावी, एवढंच त्याचं म्हणणं होतं. बायकोचं म्हणणं काय, ते कोणी विचारलं नव्हतं.

दुसरा एक गृहस्थ घाट उतरून आला. जुन्या गाड्या जमवणारा, पांढरे बूट, बोलायला फार गोड. त्याने गाडीभोवती तीन-चार फेऱ्या मारल्या आणि त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. ही गाडी मी कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तशी करून देतो, म्हणाला. मूळ रंग, मूळ दिवे, स्क्रूसुद्धा मूळचे. मग ती त्याच्या संग्रहात राहील, आणि शेजारी पितळी पाटीवर काकीचं नाव. मागे उघडझाप करायला फणसाच्या लाकडाचा फाळका होता, त्यावर त्याने बोट वाजवलं. तो फाळका काकीच्या नवऱ्याने स्वतः रंधा मारून बसवलेला. ‘‘हा मात्र ओरिजिनल नाही,’’ तो म्हणाला, ‘‘हा काढावा लागेल.’’ काकीने त्याला चहा दिला, आणि काकी गप्प बसली म्हणजे काय ते त्या बिचाऱ्याला कसं कळणार?

मी कोणाच्या बाजूचा होतो म्हणाल तर दोघांच्याही. गुलाबी असो की मूळचा निळा, रंगवणार मीच होतो. मी निळ्याचा नमुनासुद्धा डब्यात करून ठेवला होता.

शेवटी मुलगा म्हणाला, देवाला विचारूया. आमच्याकडे विहीर खणायची असो की सोयरीक जुळवायची, देवळात जाऊन कौल लावतात. देवाच्या पाषाणावर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि कुठली आधी पडते ते बघायचं. उजवी पडली तर पूर्वीसारखी करायची, डावी पडली तर बदलायची, असं ठरलं. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, ‘‘बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां आज तुझ्या पायाकडे इली हत,’’ आणि आम्ही सगळे ‘‘व्हय म्हाराजा’’ म्हणालो. पांढऱ्या बुटांचा गृहस्थही बूट बाहेर काढून हात जोडून उभा होता.

पाकळ्या पडेनात. बराच वेळ गेला. मुलाच्या एका मित्राने हळूच पंख्याच्या बटणाकडे हात नेला, तेव्हा गुरवाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो सरळ देवळाबाहेर गेला. शेवटी गुरव म्हणाला, आज देवाच्या मनात दिसत नाही, पुढच्या सोमवारी या.

काकी पुढे झाली. मला वाटलं नमस्कार करते आहे. पण ती देवाशी बोलायला लागली, अगदी बाजारात बोलावं तशी.

‘‘देवा, ह्यांनी तुका दोनच वाटा सांगल्यानी. हो बूटवालो म्हणता तिका पयल्यासारखी तरणी करूया, तो म्हणता तिका नटवया. ती कामाची आसा ता कोण सांगना नाय. ती उभी रवली तर ह्यो बायलो टोपल्यो घेवन खंय जातल्यो? गाडी माझी आसा. मी तिका होडयेच्या मेस्त्रीकडे नेतंय. तुका पसंत नसात तर आताच एक पाकळी पाड.’’

काकीने दोन्ही पाकळ्यांकडे नीट बघून घेतलं.

‘‘बरा तर,’’ ती म्हणाली, आणि पायऱ्या उतरून चपला घालून चालू लागली. संध्याकाळी दिवा लावायला गेलेल्या गुरवाला एक पाकळी खाली पडलेली दिसली. कुठली, ते त्याने मला आजवर सांगितलेलं नाही.

होड्या बांधणारा मेस्त्री आधी हसला. मग काकीने त्याला विचारलं, की जी होडी बारा महिने खाऱ्या पाण्यात राहते तिचा तळ सडत नाही, मग माझ्या गाडीचा का सडावा? मेस्त्री उठला आणि गाडीच्या तळाखाली शिरला. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारून ठेवतात. त्यांच्या रांगेत ही पिकअपही उभी राहिली, तशीच शाकारलेली. वेल्डरने चासीला जोड दिला. मेस्त्रीने फळ्यांचा तळ बांधला, सांधे बुजवले आणि वरून होडीला मारतात तसा फायबरचा थर दिला. बर्फाचं पाणी जायला होडीला असतं तसं बुचाचं भोकही ठेवलं. फणसाचा फाळका होता तिथेच राहिला. मला फक्त नंबर रंगवायची परवानगी मिळाली. पोचे आणि जुन्या निळ्याचे डाग यांना हात लावायचा नाही, अशी ताकीद होती. माझा नमुन्याचा डबा सुकून गेला.

येणारा-जाणारा थट्टा करायचा. एकाने विचारलं, काकी, इंजिन बंद पडलं तर वल्ही मारायची काय? काकी म्हणाली, वल्ही मारायला तुलाच बसवणार आहे.

पांढऱ्या बुटांचा गृहस्थ भर पावसात पुन्हा आला. फायबर बघून तो तिथेच एका उलट्या होडीवर बसला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं आणि मलाही त्याच्याकडे बघवेना. एक दुर्मीळ वस्तू कायमची गेली, असं तो म्हणाला. काकी बाहेरच्यांशी शुद्ध बोलायची. ‘‘साहेब,’’ ती म्हणाली, ‘‘वस्तू तुमच्याकडे पुष्कळ असतील. ही आमची गाडी आहे.’’ मग तिने त्याला छत्री दिली, कारण तो भिजत होता.

पासिंगच्या दिवशी मी सोबत गेलो होतो. आरटीओचे साहेब वाकले, तळावर पेनने ठोकलं, आवाज ऐकून पुन्हा ठोकलं. ही गाडी आहे की होडी, असं त्यांनी विचारलं. काकीने त्यांना आधी ब्रेक बघा म्हणून सांगितलं. ब्रेक चोख होते, दिवे चोख होते. साहेबांनी हसून सही केली. परतताना काकी सबंध रस्ता काहीतरी गुणगुणत होती. तिला गाणं येतं हे मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर तिने आणखी एक काम केलं. सुनेला बाजूला बसवून सड्यावर नेऊ लागली. सून घाटावरच्या पावसातली, समुद्र लग्नानंतर पाहिलेली. मासळीच्या वासाने पहिले काही महिने ती जेवायला बसत नसे. आता ती स्टिअरिंग धरून जांभ्यावरून गोल गोल फिरायची आणि काकी शेजारून ओरडायची. मुलगा मला म्हणाला, आईला समजाव, बायकोला हे झेपायचं नाही. मी समजवायला गेलो. मला काय ऐकावं लागलं ते तुम्ही ओळखलंच असेल. पुढच्या मे महिन्यात सून माहेरी गेली ती पिकअप स्वतः आंबोलीच्या घाटात चढवून. फाळक्यापर्यंत आंबे भरले होते आणि काकी शेजारी बसून झोपली होती, असं सुनेनेच सांगितलं. काकीने हे शेवटपर्यंत मान्य केलं नाही.

गेल्या वर्षी मासेमारी सुरू होऊन थोडे दिवस झाले होते, तेव्हा काकी गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. मला फार जड गेलं. तिरक्या आठावरून भांडायला माणूस नाही, हे दुःख ऐकायला लहान वाटतं, पण माझ्या वयात अशी माणसं पुन्हा मिळत नाहीत.

सुतकातच पांढऱ्या बुटांचा गृहस्थ भेटायला आला. मीही ओटीवर बसलो होतो. तो काकीबद्दल मनापासून चांगलं बोलला. मग थोडा घुटमळला आणि मुलाला म्हणाला, तळ पुन्हा काढून टाकता येईल, अजूनही ती मूळ रूपात आणता येईल. मुलाने माझ्याकडे पाहिलं. आता तिचं काय करायचं ते मलाही कळत नाही, असं म्हणाला, आणि उठला. आम्ही तिघे घराच्या मागे गेलो.

पहाटेपासून पडलेला पाऊस तासाभरापूर्वी थांबला होता. सगळं परसू भिजलेलं होतं. माडाखाली पिकअपच्या मापाचा एक कोरडा चौकोन तेवढा होता, आणि तिथून कुंपणाच्या बेड्यातून रस्त्याकडे गेलेल्या चाकांच्या ओल्या खुणा.

मुलाने बायकोला हाक मारली. घरातून उत्तर आलं नाही. मग त्याने फोन लावला. फोनमध्ये आधी इंजिनाचा आवाज आला, मागे मासेवाल्यांची कलकल. तो हलक्या आवाजात म्हणाला, अगो, आपल्याला सुतक आहे, लोक काय म्हणतील?

सून मोठ्याने बोलली, इतकं की फोन कानाला असूनही आम्हा दोघांना ऐकू आलं.

‘‘मासळेक सुतक नसता,’’ ती म्हणाली. ‘‘कुडाळ इला, आता ठेवतंय.’’