गुबगुबीत जाकिटं

तालुक्याच्या कचेरीत असताना भाड्याच्या बोटींची पाहणी माझ्याकडे होती. माझी सही झाल्याशिवाय परवाना मिळत नसे. त्या रविवारी मोताळ्याकडच्या धरणावर निघालो, तेव्हा बायकोला आणि सहा वर्षांच्या मुलीलाही सोबत नेलं. कामावर घरची माणसं नेऊ नयेत, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण फुकटची फेरी कोणाला नको असते?

बोटमालकानं दोघींना जाकिटं घातली आणि आपल्या भावाबरोबर बोटीतून पाण्यात धाडलं. जाकिटं चांगली गुबगुबीत होती. तरी मी पडलो नियमाचा माणूस. उरलेली सहा मी काठाजवळ पाण्यात टाकायला लावली. सहाही तरंगली. मी कागदावर सही ठोकली आणि चहा घेत बसलो.

भर दुपार होती. वारा अगदी पडलेला. सहज पाहिलं तर पाण्यात जाकिटं पाचच. मोजण्यात चुकलो असेन म्हणून पुन्हा मोजली, तर चार. आवाज नाही, बुडबुडा नाही. पुढचं माझ्या डोळ्यांदेखत गेलं. आधी कंबर, मग छाती, मग नुसते दोन खांदे पाण्यावर राहिले, आणि तेही कोणीतरी खालून हळूच ओढून घेतले.

आत काय भरलंय, असं मी मालकाला विचारलं. फोमचा भुगा झाला होता, म्हणून बाजारातल्या गादीवाल्याकडून कापूस भरून घेतला, असं तो अगदी शांतपणे म्हणाला. कापूस घरच्या शेतातलाच होता, असंही वर म्हणाला.

बोट धरणाच्या मध्यावर होती. मी दोन्ही हात हलवत, परत या म्हणून ओरडत सुटलो. मुलीला वाटलं, बाबा टाटा करताहेत. तीही टाटा करायला उभी राहिली आणि बोट एका अंगाला कलली. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो. बायकोनं तिला खाली ओढून बसवलं.

बोट काठाला लागल्यावर मी मुलीच्या अंगातलं जाकीट ओरबाडून काढलं, सहीचा कागद टराटरा फाडला आणि मालकाला वाट्टेल ते बोललो. लोकांच्या जिवाशी खेळतोस, म्हणालो. त्यानं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाला, "गेल्या साली तं तुम्ही हापिसात बसूनच सही देली होती, साहेब. तवाबी हेच जाकिटं होते. सालभर लोकं हेच घालून फिरले."