अंबूबाईच्या नावची पौर्णिमा

माझा धंदा आवाजाचा. नाथाजी साउंड सर्व्हिस म्हटलं की म्हसवडपासून आटपाडीपर्यंत कुणीही घर दाखवील. लग्न, बारसं, जयंती, निवडणूक, सगळीकडं माझे कर्णे बांधलेले असतात. त्यामुळं माणसं माइकसमोर कशी वागतात ते मला पाठ आहे. निम्मी घाबरून गप्प होतात आणि निम्मी माइक खायला निघाल्यासारखी ओरडतात. या दोन्हीत न बसणारा एकच आवाज मला भेटला, आणि तो माझ्याच घरातला होता. माझी थोरली भावजय, हरणाबाई.

सातारा जिल्हा संपून सांगली जिल्हा सुरू होतो तिथं, माळाच्या कडेला, आमची वस्ती आणि वस्तीच्या टोकाला आमचं विहार आहे. पत्र्याचं छप्पर, आत बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि एक ठेंगणं लाकडी मेज. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासात, रोज दिवेलागणीला तिथं धम्मग्रंथ मोठ्यानं वाचला जातो. आधी माझा थोरला भाऊ, वैनीचा नवरा, वाचायचा. तो गेला त्या आषाढात कुणी पुढं होईना. एकाला कमी दिसत होतं, दुसऱ्याला वेळ नव्हता, तिसऱ्याला लाज वाटत होती. सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत असताना वैनी उठली आणि मेजापाशी जाऊन बसली. चौथीपर्यंत शिकलेली बाई, ओळीखाली बोट धरून वाचायला लागली. पुढं ते बोट कधी सुटलं, आम्हालाही कळलं नाही.

वाचून झालं की एक रीत असते. त्या दिवसाच्या वाचनाचं पुण्य वाचणाऱ्यानं कुणाला तरी द्यायचं. गेलेल्या माणसाचं, आजाऱ्याचं, कुणाचंही नाव घ्यायचं, आणि बसलेल्या सगळ्यांनी तीनदा ‘साधु’ म्हणायचं. लोक आधीच येऊन सांगून ठेवायचे, गुरुवारी आमच्या बापाच्या नावानं, शनिवारी लेकीच्या नावानं. वैनीनं स्वतःसाठी एक संध्याकाळ कधी राखून ठेवली नाही.

मी असल्या गोष्टींवर चटकन विश्वास ठेवणारा नव्हे. एकदा तिला चिडवायला म्हणालो, “वैनी, रोज वाटताय. तुमच्याकडचं पुण्य सरत न्हाई का?”

ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, “भावजी, तुमच्या कर्ण्यातनं आवाज भाईर गेला म्हंजी माझ्या गळ्यातला कमी हुतो व्हय?”

थेट माझ्या धंद्यावरच बोट ठेवलं. मी ताट पुढं ओढलं.

आता अंबूबाईचं सांगतो. माळापलीकडं धनगरांची वस्ती आहे, तिथली ही म्हातारी. वैनी लग्न होऊन आली त्या वर्षी दुष्काळ पडला होता. रोजगार हमीच्या कामावरून परत येताना तिला माळावर चक्कर आली. त्या काळी आमच्या माणसाला पाणी वरून ओंजळीत ओतायची पद्धत होती, भांडं हातात द्यायची नव्हती. अंबूबाई मेंढरांमागून आली, तिनं आपला तांब्या भरला आणि वैनीच्या हातात दिला. वैनी तोंड लावून प्याली. अंबूबाईनं तो तांब्या परत घेतला आणि तिच्यादेखत उरलेलं पाणी स्वतः प्याली. वैनी हे सांगायची तेव्हा शेवटचं वाक्य दोनदा सांगायची.

पुढं वैनी वाचायला लागली आणि मी विहारावर कर्णा चढवला, तेव्हा अंबूबाई माळावर बसून ऐकायला लागली. विहारात कधी आली नाही, पण बाजारच्या दिवशी वैनीला गाठायची आणि विचारायची, “काल त्यो राजपुत्र घर सोडून गेला, फुडं काय झालं गं?” कधी म्हणायची, “काल वारं उलटं हुतं, काय सुदीक ऐकू आलं न्हाई. परत सांग.” मग दोघी बाजाराची पिशवी मांडीत घेऊन बांधावर बसायच्या आणि वैनी आदला सगळा भाग तोंडी सांगायची.

गेल्या चैत्रात अंबूबाई गेली. आषाढ लागायच्या आधी तिचा मुलगा धुळा आमच्या दारात आला. पन्नाशीचा गडी, डोईला मुंडासं, खांद्यावर घोंगडं. बराच वेळ मेंढरांचं, पावसाचं बोलत राहिला. शेवटी म्हणाला, “मावशे, मला तुमच्यातलं काय ठावं न्हाई. पर आयच्या नावानं येक दिस वाचशील का? तिला तुझाच आवाज ठावा हाय.”

“पुनवंला वाचीन,” वैनी म्हणाली. “आश्विनातली. शेवटाचा दिस तुझ्या आयचा.”

आश्विन पौर्णिमेला ग्रंथ पूर्ण होतो, त्यामुळं त्या दिवसाचं पुण्य सगळ्यात मोठं मानतात. ते मागायला पुष्कळ जण टपलेले असायचे. वैनीनं ते मागितल्याबरोबर देऊन टाकलं. धुळाही खूश होता, कारण दिवाळी झाली की तो मेंढरं घेऊन उंब्रजकडच्या उसाच्या रानात उतरतो, आणि जाण्याआधी आईचं एवढं त्याला करायचं होतं.

भाद्रपदात वैनीचा आवाज बसला. आधी आम्ही हळदीचं दूध दिलं, काढे दिले. मग एका संध्याकाळी वाचता वाचता तो मधेच तुटला आणि अँप्लिफायरमधून नुसती खरखर आली. मला वाटलं वायर गेली. वायर ठीक होती.

मिरजेच्या डॉक्टरांनी स्वरयंत्रावर गाठ सांगितली. साधी आहे, घाबरायचं नाही म्हणाले, आणि काढून टाकली. काही दिवस अजिबात बोलायचं नाही, मग हळूहळू बोला, आवाज येईल. हळूहळू बोलायची परवानगी मिळाली, पण आवाज आला नाही. ओठ हलायचे आणि नुसता वारा बाहेर यायचा. तिच्या जागी तिची सून सोनम वाचायला लागली. चांगली वाचायची पोर, स्वच्छ. वैनी शेजारी बसून ऐकायची आणि घरी आल्यावर भिंतीकडं तोंड करून पडायची. जिनं उभ्या आयुष्यात एकाला ‘नाही’ म्हटलं नव्हतं, ती दिलेल्या शब्दापाशी अडकली होती. मला तिचं तोंड बघवत नव्हतं.

धुळाला कळलं तेव्हा तो म्हणाला, “वाचू द्या सोनमला. माझं काय म्हणणं न्हाई.” म्हणाला खरा, पण घोंगडं सारखं करत खाली बघत राहिला.

मग मला माझी अक्कल सुचली. गेल्या वर्षीचं सगळं वाचन माझ्याकडं पेनड्राइव्हमध्ये होतं. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी अँप्लिफायर घेऊन घरी गेलो, शेवटचा भाग लावला आणि वैनीचा भरदार आवाज घरभर झाला. “बघा,” मी म्हणालो, “आवाज तुमचाच, भाग त्योच. उद्या लावू. धुळाला आणि काय पायजे?”

वैनीनं तो सगळा ऐकला. स्वतःचाच आवाज ऐकताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग तिनं हातानं बंद करायची खूण केली आणि माझ्या कानाशी तोंड आणलं.

“त्ये दिलंय,” ती म्हणाली.

“कुणाला?”

“सोनमच्या बापाला. गेल्या साली. दिलेलं परत कसं देऊ, भावजी?”

मी चिडलो. म्हणालो, कोण तपासायला येणार आहे? पुण्यावर काय शिक्का असतो? ती माझ्याकडं बघत राहिली, आणि मला उगाच बोललो असं झालं. वायर गुंडाळून बाहेर पडलो.

पौर्णिमेला विहार भरलं होतं. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, बाहेर चुलाणावर खिरीचं पातेलं. धुळा आला आणि आत न येता पायरीवरच टेकला. कितीही बोलावलं तरी उठला नाही. वंदना झाली. सोनम मेजाकडं निघाली तेव्हा वैनीनं तिचा हात धरून बाजूला बसवलं आणि स्वतः ग्रंथासमोर बसली.

मी माइक तिच्या ओठांशी नेला. आवाज वाढवला तसा कर्णा शिट्टी मारायला लागला, लेकरं कान झाकून हसली. कमी केला तर काहीच नाही. शेवटी वैनीनं माइक उचलून माझ्या हातात दिला. तीस वर्षं धंदा करतोय, माणसानं माइक असा परत केलेला पाहिला नव्हता. मी बटण बंद केलं.

तथागतांच्या शेवटच्या प्रवासाचा भाग होता. वैनीचे ओठ हलले. कुणालाच काही कळलं नाही, फक्त शेजारी बसलेल्या सोनमला कळलं. मागच्यांना कळावं म्हणून तिनं ती ओळ मोठ्यानं सांगितली, “तथागत थकले होते.”

आणि इथं एक चूक झाली. वंदनेत एक जण म्हणतो आणि बाकीचे मागून म्हणतात, ही आमच्या हाडात मुरलेली सवय. हात अजून जोडलेलेच होते. सोनमनं ओळ सांगितली आणि सगळं विहार एका तोंडानं म्हणालं, “तथागत थकले होते.”

ग्रंथ असा कधी वाचत नाहीत. सोनम गोंधळून सासूकडं बघायला लागली. वैनीही क्षणभर थांबली. मग तिनं पुढच्या ओळीवर बोट ठेवलं, ते जुनं, पहिल्या वर्षीचं बोट, आणि ओठ हलवले. सोनम म्हणाली. विहार म्हणालं. ज्या म्हाताऱ्यांना अक्षर येत नव्हतं त्या डोळे मिटून म्हणत होत्या. माझ्या शेजारी बसलेला, रोज वाचनाला पेंगणारा गडी ताठ बसून म्हणत होता. एका बाईचा नुसता श्वास, आणि पुढं एवढ्या माणसांचा आवाज. पत्रा थरथरत होता. अडीच हजार वर्षांपूर्वी ना ग्रंथ होता ना माइक, तेव्हा हे असंच तोंडातून तोंडात गेलं असेल, आणि ते आता माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं. मीही म्हणायला लागलो. कधी लागलो, माहीत नाही.

मग पायरीवरून एक आवाज आला.

धुळाला आमची वंदना येत नव्हती. पण सगळे म्हणतात म्हणून तोही म्हणायला लागला होता, सगळ्यांच्या नंतर, थोडा मागं पडून. आणि धनगराला हळू बोलता येत नाही. माळाच्या या टोकावरून त्या टोकाच्या मेंढराला हाक मारणारा तो गळा. सोनम म्हणाली, “त्यांनी पाणी मागितलं.” विहार म्हणालं, “त्यांनी पाणी मागितलं.” आणि आम्ही थांबल्यावर एकटा धुळा, माळाकडं तोंड करून, चढ्या आवाजात म्हणाला, “त्यांनी पाणी मागितलं.”

वैनीचं बोट त्या ओळीवर थांबलं. थोडा वेळ पुढं सरकलं नाही. मग सरकलं.

भाग संपेपर्यंत असंच चाललं. चंद्र बराच वर आला होता. ग्रंथ मिटून वैनीनं सोनमच्या कानात पुण्य कुणाचं ते सांगितलं. सोनमनं तोंड उघडलं आणि मिटलं. नाव त्यानंच घ्यावं म्हणून तिनं पायरीकडं हात केला.

सगळे धुळाकडं वळले. त्याला आधी कळेना. कळल्यावर तो उठून उभा राहिला, मुंडासं काढून हातात घेतलं. “ह्ये आजचं,” तो म्हणाला, “माझ्या आयला. अंबूबायला.”

“साधु, साधु, साधु,” विहार म्हणालं. वैनीचे ओठ सगळ्यांबरोबर हलले.

खीर वाटून झाली. मी बाहेर कर्णा उतरवत होतो. धुळा हातातली वाटी तशीच घेऊन जवळ आला आणि माळाकडं बघत उभा राहिला.

“नाथातात्या,” तो म्हणाला, “तुमचा ह्यो धंदाच हाय म्हनून इचारतो. आय बसायची तितवर ऐकू गेलं असंल का?”

कुठला आवाज कुठवर जातो ते मी झोपेतही सांगीन. पण त्या दिवशी मी तसला हिशेब केला नाही. बोट तोंडात ओलं करून वर धरलं, आणि ते माळाच्या उलट्या अंगाला, वारं येत होतं त्या बाजूला, गार लागलं.

“गेलं, धुळा,” मी म्हणालो. “आज वारं तिकडंच हाय.”