उजवं फूल, डावं फूल आणि गुंडेरावांची एम.ए.

म्हैसुरातल्या सरस्वतीपुरमच्या मारुतीला दोन खांदे आहेत. सत्तावीस वर्षं त्या दोन खांद्यांवर नंजनगूडपासून पिरियापट्टणपर्यंतच्या लोकांची लग्नं, नोकऱ्या आणि भावाभावांची भांडणं तोलली गेली. मारुतीने कधी कुरकुर केली नाही. तो दगडाचा आहे, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण गुंडेराव.

गुंडेराव तिथले पुजारी. कौल लावायची त्यांची रीत सोपी होती. शेवंतीची दोन फुलं घ्यायची, ओल्या गंधाने एक मारुतीच्या उजव्या खांद्यावर चिकटवायचं, एक डाव्या. प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. उजवं आधी पडलं तर हो. डावं पडलं तर नको. पाच मिनिटं लागत, कधी पाऊण तास.

गंधात पाणी किती घालायचं आणि कोणतं फूल अंगठ्याने किती दाबायचं, हे मात्र गुंडेरावांच्या हातात होतं. मी काही गुपित फोडत नाही. शनिवारी येणाऱ्या निम्म्या लोकांना हे ठाऊक होतं, आणि उरलेल्या निम्म्यांनी ठाऊक करून घेतलं नव्हतं.

फुलं लावण्याआधी ते म्हणत, "आधी बोला." मग माणूस बोलत राही आणि गुंडेराव मान खाली घालून सहाणेवर खोड फिरवत राहत. त्यांचा एक हिशेब होता, आणि तो त्यांना कुठल्या पोथीत सापडला नव्हता. माणूस ज्याची नुसती स्तुती करतो, ते त्याला नको असतं. ज्याच्याविषयी तो तक्रारी करत सुटतो, तिथे त्याचा जीव असतो.

मी स्वतः गेलो होतो. तंबाखू सोडून आलं लावू का, असं विचारायला. तंबाखूविषयी मी शहाण्यासारखं बोललो, बाजार आहे, भाव आहे, बापजाद्यांचं पीक आहे. आल्याविषयी मात्र अर्धा तास रडगाणं गायलो. पाणी फार पितं, कंद कुजतो, राखण लागते. उजवं फूल टपकन पडलं. त्या वर्षी आलं कुजलंच. तरी मी पुढच्या वर्षी पुन्हा आलंच लावलं, आणि गुंडेरावांना एक गड्डा नेऊन दिला.

मग देवळाच्या समितीत विक्रांत आला.

विक्रांत पुण्याचा. इथल्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, दहा वर्षं म्हैसुरात. समितीचे म्हातारे अध्यक्ष श्रीनिवासराव सभेत झोपत असल्यामुळे सेक्रेटरी म्हणून त्याचंच चाले. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला प्रत्येक गोष्टीचा कागद लागे. त्याने देवळाचं छत दुरुस्त केलं, हिशेब छापले, आणि गाभाऱ्यात कॅमेरा बसवला. घरी बसून कुणालाही मारुती मोबाइलवर दिसावा म्हणून.

मारुती दिसू लागला. त्याबरोबर गुंडेरावांचा अंगठाही दिसू लागला.

पंधरा दिवसांत विक्रांत हजर. "गुरुजी, माझ्या आईने पुण्यात मोबाइलवर पाहिलं. तुम्ही एक फूल दाबता."

"दोन्ही दाबतो," गुंडेराव म्हणाले. "दाबल्याशिवाय चिकटत नाहीत."

"एक जास्त दाबता."

गुंडेरावांनी सहाण धुवायला घेतली. लबाड माणसाला हात रिकामे ठेवून चालत नाही.

"हे बघा," विक्रांत म्हणाला, "लोक तुम्हाला घरच्या अडचणी सांगतात, तुम्ही सल्ला देता आणि सही मारुतीची घेता. उद्या कुणी बुडालं तर जबाबदार कोण? समिती. तुम्हाला लोकांचं ऐकायचंच आहे ना? मग रीतसर शिका. आता घरबसल्या एम.ए. होते. तीस जूनपर्यंत कुठेतरी प्रवेश घ्या, मी तुम्हाला बाहेरची खोली देतो, दारावर पाटी लावतो. प्रवेश होईपर्यंत कौल बंद, नाही झाला तर कायमचा बंद. आरती करा, तीर्थ द्या, घरी जा."

आरती, तीर्थ आणि घर. चोपन्न वर्षांच्या माणसाला इतकंच उरलं तर तो किती दिवस काढील? गुंडेरावांना मंत्रांचा कंटाळा आला होता. मारुतीलाही आला असावा. सकाळी पाचला उठायचं ते शनिवारच्या माणसांसाठी, हे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

बी.ए. त्यांनी तरुणपणी संध्याकाळच्या कॉलेजात केलं होतं, तेवढं कामाला आलं. मुलगी शरण्या बेंगळुरूहून लॅपटॉप घेऊन आली आणि जेवणाच्या टेबलावर बापाचं शिक्षण मांडून बसली.

"अप्पा, काउन्सेलिंगमध्ये हे टॉप आहे. फी दोन लाख दहा हजार."

"अय्यो!" वरलक्ष्मी, म्हणजे गुंडेरावांची बायको, आतून म्हणाली. "तेवढ्यात मारुतीला चांदीची गदा होईल."

शरण्याने नुसता फोन नंबर टाकून पाहिला, आणि त्या विद्यापीठाचा विक्रेता घरातलाच माणूस झाला. दिवसाला अकरा फोन. "सर, आज संध्याकाळपर्यंतच सूट आहे." दुसऱ्या दिवशी ती संध्याकाळ पुन्हा येई. गुंडेरावांनी त्याला एकदा विचारलं, "बाळा, जेवलास का?" तेव्हा त्या पोराने सांगितलं की महिन्याला चाळीस जागा भरल्या नाहीत तर नोकरी जाते. गुंडेराव त्याच्याशी पाऊण तास बोलले. नंतर तो शेजारणीला फोन लावू लागला, गुंडेरावांना मात्र पुन्हा कधी लावला नाही.

दुसरं होतं अमेरिकेतलं एक कॉलेज. विषय थिऑलॉजी, म्हणजे देवाविषयीचं शास्त्र. चालायचं देणग्यांवर, फी जवळजवळ नाहीच. गुंडेरावांचे डोळे चमकले. "सत्तावीस वर्षं ज्याला आंघोळ घालतोय त्याच्याविषयी काहीतरी कळायला हवं."

"अप्पा, ते त्यांच्या देवाविषयी शिकवतात."

"देव देव आहे. आंघोळ कुणाच्याही देवाला घालता येते."

अर्जात एक प्रश्न होता: प्रभूने तुमच्या जीवनात काय कार्य केलं, दोनशे शब्दांत लिहा. गुंडेरावांनी शरण्याला लिहायला सांगितलं, "प्रभूचं सगळं मीच करतो. त्याने माझं काय केलं हे लिहायला दोनशे शब्द फार होतील." तिने इंग्रजीत करून पाठवलं. तिकडून दोन दिवसांत उत्तर आलं: प्रिय बंधू गुंडे, तुमचा प्रामाणिकपणा आम्हाला फार आवडला, आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतो आहोत.

तिसरं होतं सरकारी मुक्त विद्यापीठ. काउन्सेलिंगचीच एम.ए., दोन वर्षांची फी वीस हजारांच्या आत. वेबसाइट सकाळी उघडली तर दुपारी दिसे. शरण्याने मान्यता आहे की नाही ते तीन ठिकाणी तपासलं, कारण मान्यता नसलेली डिग्री म्हणजे नुसती लग्नपत्रिका, नवरा नाहीच. मान्यता होती. पण आपण काम करतो तिथल्या जबाबदार माणसाची सही अर्जावर हवी होती. म्हणजे विक्रांतची सही.

गुंडेरावांनी चार दिवस घरात येरझारा घातल्या. थिऑलॉजी की काउन्सेलिंग? रात्री एक, सकाळी दुसरं.

पाचव्या दिवशी वरलक्ष्मी म्हणाली, "अहो, साकु, पुरे झालं. जगाला कौल लावता, स्वतःला लावा ना."

"माझाच अंगठा मला कसा फसवील? मला सगळं माहीत आहे."

"मग मी लावते."

पहाटे देऊळ उघडायच्या आधी दोघं गेली. बाईमाणसाने गाभाऱ्यात जायचं नाही, हा नियम गुंडेरावच लोकांना सांगत. त्यांनी आधी कॅमेऱ्यावर आपलं उपरणं टाकलं. वरलक्ष्मी पदर खोचून आत गेली. मारुती ब्रह्मचारी, पण हूं की चूं केलं नाही. गुंडेराव उंबऱ्याबाहेर बसले. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना मारुती त्या बाजूने दिसला.

"बोला," ती सहाणेवर खोड फिरवत म्हणाली.

"थिऑलॉजी चांगली," गुंडेराव म्हणाले. "फी नाही. विषय उच्च. शांतपणे वाचत बसावं. लोकांत मान राहील."

"आणि ते दुसरं?"

"त्याचं काय सांगू! पुन्हा तीच माणसं. तो गंगाधरराव दर शनिवारी येतो, सुनेने कॉफीत साखर कमी घातली म्हणून. कौलसुद्धा मागत नाही, नुसता बसतो. ती नंजनगूडची बाई, नवरा जाऊन सहा वर्षं झाली, अजून विचारते त्याची स्कूटर विकू का. विकू नको म्हटलं तर रडते, विक म्हटलं तर जास्त रडते. परवा आली नाही तर माझं लक्ष लागेना आरतीत. डोकं उठवतात गं माझं. ह्या लोकांना दुसरं कुणी…"

ते बोलत होते तेवढ्यात तिने फुलं चिकटवली होती. डावं फूल पडलं. थिऑलॉजी नको.

गुंडेराव उंबऱ्यातून आत वाकले. "उजव्याला किती दाबलंस?"

"गंध उगाळायला तुम्हाला शिकवलं कुणी? सुम्ने, गप्प बसा, उगीच विचारू नका," वरलक्ष्मी म्हणाली. "आणि उपरणं काढा, काकडआरतीची वेळ झाली."

अर्ज भरला. राहिली सही.

जूनचा शेवटचा शनिवार. त्या दिवशी मी तिथेच होतो, पहिल्या बसने गेलेलो. विक्रांत हातात अर्ज आणि पेन घेऊन आला. मान्यता तपासून झाली होती. बरोबर त्याची आई, मृदुलाताई, पुण्याहून आठ दिवसांसाठी आलेल्या. सत्तरीच्या, हातात काठी, आणि काठीपेक्षा ताठ.

विक्रांतने पेनचं टोपण काढलं तेवढ्यात त्या म्हणाल्या, "थांब रे. आधी माझं. गुरुजी, मला कौल लावायचाय."

"आई, कौल बंद आहे. तूच तर तो अंगठा…"

"मी तक्रार केली होती का? मी म्हटलं, बघ किती छान दाबतात. पुढचं सगळं तुझं." त्या उंबऱ्यापाशी बसल्या. "नुसता देवच हवा असता तर मी आमच्या कोपऱ्यावरच्या मारुतीला विचारलं असतं. ह्याच्याकडे एवढ्या लांब कशाला येऊ?"

गुंडेरावांनी विक्रांतकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले.

"बोला," गुंडेराव म्हणाले.

"पुण्याची जागा विकून इथे कायमचं राहायला येऊ का, एवढंच. इथे सगळं छान आहे. लिफ्ट आहे. माझी वेगळी खोली आहे, खिडकीतून टेकडी दिसते. सून गुणाची आहे. हवा चांगली."

"आणि तिकडे?"

"तिकडे काय? तीन मजले चढायचे, गुडघ्यांची वाट. सकाळी बागेत आम्ही चौघी. त्यातली एक बहिरी, आपणच ओरडते. दुसरी रोज विचारते आज कोण गेलं. माझ्या हातचे घावन खाऊन मीठ जास्त म्हणतात आणि डबा पुसून परत देतात. मेल्या एक दिवस मला सुखाने बसू देतील तर शपथ! आज आठ दिवस झाले, एकीने फोन केला नाही. पडली असेल ती बहिरी कुठेतरी…"

सहाणेवरचं खोड थांबलं. विक्रांत अर्ज हातात धरून उभा होता. पेन उघडंच होतं. आईसाठी त्याने त्या खोलीला नवा रंग दिला होता, हे सगळ्या सरस्वतीपुरमला ठाऊक होतं. दोन्ही फुलं सारखी दाबली असती तर गुंडेरावांना कुणी काही म्हणू शकलं नसतं. मी त्यांचा हात पाहिला. तो खांद्यापर्यंत गेला आणि तसाच राहिला. मग त्यांनी उजव्या फुलावर अंगठा ठेवला आणि कॅमेऱ्यासमोर, सगळ्यांच्या देखत, चांगला दाबला.

डावं फूल पडायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

"हे तुम्ही केलंत," विक्रांत म्हणाला.

"हो."

"निदान मारुतीने केलं असं तरी म्हणा!"

"मारुतीला गुडघ्यांचं काय कळतं, साहेब? त्याने डोंगर उचलला तेव्हा तो तरुण होता."

मृदुलाताई आधी हसल्या, मग पदराने डोळे पुसले. "दिवाळीला येईन," त्या मुलाला म्हणाल्या. "पंधरा दिवस. लिफ्टमध्ये बसायला." विक्रांत अर्ज मुठीत घेऊन पायऱ्या उतरला. वाट पाहायची म्हणून गुंडेरावांनी आम्हाला प्रसाद वाटला, तो संपल्यावर पुन्हा वाटला. तो परत आला नाही.

सोमवारी, तीस तारखेला, दुपारी बाराला वॉचमनच्या हातून अर्ज आला. चुरगळलेला, पण इस्त्री केलेला. सही होती. 'लोकांशी बोलण्याच्या कामाचा अनुभव, वर्षांत' ही जागा गुंडेरावांनी कोरी सोडली होती. असला अनुभव कोण मोजणार, म्हणून. तिथे विक्रांतच्या अक्षरात लिहिलं होतं: सत्तावीस.

शरण्याने दुपारभर त्या वेबसाइटशी कुस्ती केली. चारला प्रवेश झाला.

खोली मिळाली, पाटीही लागली. पहिल्या स्वाध्यायाला गुंडेरावांना शंभरात एकेचाळीस मार्क पडले. खाली शेरा होता, समोरच्या माणसाचा निर्णय त्यालाच घेऊ द्यावा. वरलक्ष्मीने तो वाचला आणि शनिवारच्या गंधाला पाणी घालायला गेली. लोक पाटी वाचतात, खोलीत बसून बोलतात, आणि मग उठून म्हणतात, चला आता, फुलं लावा.

कॅमेरा मात्र कुणीतरी खाली वळवला आहे. आता त्यात मारुतीचे खांदे येत नाहीत, फक्त पाय येतात. विक्रांत म्हणतो, तांत्रिक अडचण आहे. पुण्याहून मृदुलाताईंचा दर शनिवारी त्याला फोन येतो, तीन जिने चढून आल्यावर, धापा टाकत. हे काय रे, फुलं पडलेली दिसतात, पडताना दिसत नाहीत.