रस्ता जिथे मिटतो

झोप येत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

काल दुसरीतल्या माझ्या सईला युरोपातली जुनी चित्रं दाखवत होते. आधीचे चित्रकार संतांच्या मागे नुसता सोनेरी रंग भरायचे, त्यामुळे चित्रात लांब असं काही नसायचंच. नंतरच्यांना अंतर दाखवायची युक्ती सापडली. रस्त्याच्या दोन्ही कडा लांब जाऊन एका टिंबात मिळतात, असं मी तिला समजावलं.

आज दुपारी सई घरात नव्हती. खालच्या दुकानात नाही, शेजारीही नाही. इथे आखातात, अल अमेरातमधला आमचा रस्ता सरळ डोंगराकडे जातो आणि गाड्या सुसाट असतात. मी अनवाणीच धावले. पार टोकाला एक लाल ठिपका दिसला. तिचा फ्रॉक. ती चालतेय की थांबलीय, तेही कळेना.

गाठलं तेव्हा ती रडवेली झाली होती.

"आई, दोन साइड्स जॉइन होतच नाहीत. डॉट पुढे पुढे जातो."

मी तिला उचलून रस्त्याच्या कडेला घेतलं.

आता ती झोपलीय आणि मी ते सोनेरी चित्र उघडून बसलेय. त्यात कुणालाच लांब जाता येत नाही.

मुलांना लांबचं दाखवताना तुम्हाला भीती नाही वाटत?