उसवलेलं दिसलं म्हणून

फोन विलासच्याच मोबाइलवरून आला, म्हणून मी उचलताच त्याला झापायला सुरुवात केली. "काऊन रे, उद्या येतो म्हणालास ना? आता कोणता फाटा फोडून राह्यला?" उद्यासाठी मी लाखोरीची डाळ भिजत घालत होते. त्याला वडे लागतात, ते गरम लागतात, आणि गरम असतानाच तो त्यांना नावंही ठेवतो. पलीकडून एक अनोळखी आवाज म्हणाला, "बाई, हा मोबाइल ज्याचा हाय तो तुमचा कोन लागते?" माझा हात डाळीतच राहिला. "देर हाय माझा. काऊन?" तो माणूस भला होता, पण सांगायचं कसं हे त्यालाही कळत नव्हतं. गडचिरोलीच्या वाटेवर, पोर्ल्याच्या जंगलात, दिवे लागायच्या वेळी, रानडुक्कर आडवं आलं. गाडी एकीकडे, माणूस एकीकडे. "हेल्मेट होतं बाई डोक्यावर," तो पुन्हा पुन्हा सांगत होता, "पट्टा बी लावला होता. वेगात बी नव्हता, मी मांगंच होतो ना…"

काही आठवडे झाले, पण मला अजून ते वाक्य पचत नाही. हेल्मेट नसतं, पट्टा सुटा असता, तर रागवायला काहीतरी जागा तरी मिळाली असती. विलास आयुष्यभर सगळं तपासून चालला. सायकलवर होता तेव्हाही आधी ब्रेक दाबून बघायचा आणि मग पाय टाकायचा. आणि त्याला एका डुकरानं न्यावं? डुकराला ना पट्टा, ना नियम, ना लाज. मी रागीट बाई आहे, सगळ्या आरमोरीला ठाऊक आहे. पण या वेळी राग काढू तरी कोणावर… जंगलात जाऊन शिव्या देऊ?

मी माहेरच्या सावली गावाहून लग्न होऊन आरमोरीला आले तेव्हा विलास शाळेत होता. सासूबाई लवकर गेल्या, त्यामुळे त्याचं जेवणखाण, फाटकी चड्डी, परीक्षेची फी, सगळं आमच्याकडेच. आमचे हे, देवराव, राइस मिलमध्ये पोती शिवायचे. उभं पोतं, हातात दाभण, आणि बोलता बोलता तोंड बंद, म्हणजे पोत्याचं. यांचं तोंड मात्र कधी बंद नसायचं. विलासला त्यांनीच नागपूरला विमानाच्या कामाच्या शिक्षणाला धाडलं. पुढं तो एका कंपनीत लागला, तिकडं समुद्रावर उडणाऱ्या हेलिकॉप्टरांवर. पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा मी विचारलं, "नेमकं करतोस काय?" म्हणाला, "वहिनी, हेलिकॉप्टर पाण्यात पडलं त बुडू नये, याची सोय पाहतो." मी म्हटलं, "म्हणजे उडत्या गाडीले ट्यूब लावते!" तेव्हापासून घरात त्याचं नाव ट्यूबवाला पडलं. चिडायचा, पण खोटं आहे असं कधी म्हणाला नाही.

काम तसं सांगायला सोपं होतं. हेलिकॉप्टरच्या खालच्या दांड्यांवर रबरी कापडाच्या पिशव्या घडी करून बसवलेल्या असतात, वरून कव्हर. पाण्यात उतरायची वेळ आली की पायलट बटण दाबतो, नळकांड्यातला वायू सुटतो आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच पिशव्या टम्म फुगतात. हेलिकॉप्टर तरंगतं, तेवढ्यात माणसं बाहेर पडतात. पण पिशव्या एकाच बाजूच्या फुगल्या तर ते कलंडतं आणि आतल्यांची गत काय होते, ते तो सांगायचा नाही. म्हणून ही तपासणी. उडण्याआधी कव्हर पाहायचं, नळ्या पाहायच्या, वायूचा काटा पाहायचा. ठरलेल्या मुदतीनं पिशव्या काढून साध्या हवेनं फुगवायच्या, काही तास तशाच ठेवायच्या आणि हवा किती उतरली ते मोजायचं. ज्याला नेमलं नाही त्यानं हात लावायचा नाही. लावला तर लपवायचं नाही. कोणी लावला, कुठी लावला, कशानं लावला, सगळं सांगायचं. "शंका आली का तपासाची," तो म्हणायचा, "तपासल्याबिगर शंका गेली म्हणायची सोय नाई." माझ्या कुकरची रिंगसुद्धा तो असाच उजेडात धरून बघायचा आणि मी त्याच्या हातातून हिसकावून घ्यायची.

मागच्या पावसाळ्यात त्याची नेमणूक गडचिरोलीला झाली. पुरानं भामरागडकडचे रस्ते तुटले की अडलेल्या बाया, साप चावलेले, तापानं फणफणलेली लेकरं हेलिकॉप्टरनं आणायची, त्या कामावर. यांना काय आनंद! "आपला विलास जिल्ह्यात आला" हे त्यांनी पानठेल्यापासून दवाखान्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं. पोळ्याच्या दिवशी आम्ही दोघं त्याला भेटायला गेलो. मैदानावर ते हेलिकॉप्टर उभं, आणि तिथल्या पोरांनी त्याच्या नाकावर बैलाच्या कपाळाला बांधायची मठाटी टेकवून फोटो काढणं चालवलेलं. "आमचा बैल उडते," म्हणत होते. विलासनं त्यांना हाकललं, मठाटी काढली, पण हसतही होता. यांना त्यानं हात धरून सगळं फिरवून दाखवलं. पहारेकऱ्याला सांगितलं, "माझा दादा हाय." मग त्याला कोणीतरी आत बोलावलं. मी सावलीत बसून पुरणपोळीचा डबा सोडत होते.

तेवढ्या वेळात आमच्या यांना दिसलं की दांडीवरच्या कव्हराची कडा एका ठिकाणी सुटली आहे. उसवल्यासारखी. यांच्या खिशात दाभण आणि दोरा कायमचा, दुसऱ्याच्या खिशात विडी असते तसा. धाकट्या भावाची गाडी, सणाचा दिवस, आणि हे उसवलेलं… यांच्याच्यानं बघवलं नाही. बसले उकिडवे आणि दिली कडा शिवून. पहारेकऱ्यानं बघितलं, त्याला वाटलं साहेबांचा दादाच आहे. यांनी विलासला सांगितलंही नाही. केलेलं काम सांगत सुटायची यांना सवय नाही, सगळ्या जगात तेवढी एकच गोष्ट ते बोलत नाहीत.

आता ती कडा शिवायचीच नसते. पिशवी फुगली की कव्हर आपसूक उघडावं म्हणून ते नुसतं चिकटपट्टीनं बंद केलेलं असतं. ते मजबूत झालं की पिशवी आत कोंडते. दुसऱ्या दिवशी सकाळी पर्लकोटा नदीपलीकडे एक बाई अडलेली होती, पायलट तयार, डॉक्टर तयार, आणि विलासला उडण्याआधीच्या तपासणीत तो टाका दिसला. त्यानं हेलिकॉप्टर थांबवलं. आमच्याकडे फोन आला. यांनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता, म्हणून मीही ऐकलं.

"दादा, काल तू हेलिकॉप्टरले हात लावला का?"

"हव," हे खुशीत म्हणाले. "उसवलेलं दिसलं, म्हणून शिवून देल्लं. पक्कं केलं ना?"

पलीकडून विलासचा आवाज आला, पण आमच्याशी नव्हे, तिथल्या माणसांशी. "माझ्या भावानं शिवलं. देवराव नाव." मागून कोणीतरी ओरडलं, "अरे यार, तो दोरा काट अन् उडव, बाई मरून राह्यली तिकडं!" विलासही ओरडला, "सुई आत गेली असन त? खाली पूर हाय, दिसत नाई का तुमाले?" मग पुन्हा आमच्याशी, घाईनं, "दादा, दाभण किती लांब होतं? अन् आयक…" पण तोवर यांचा चेहरा उतरला होता. "चार बोटं," एवढंच म्हणाले आणि फोन कापला. पुन्हा वाजला. यांनी बंदच करून टाकला.

ते हेलिकॉप्टर त्या दिवशी उडालं नाही. बाईला बचावाच्या नावेतून नदी पार करून आणलं, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागायचा. पण तेव्हा आमचाही लागला होता. आणि पिशवी फुगवून पाहिली तेव्हा खरंच बारीक छिद्र निघालं. म्हणजे विलास बरोबर होता. दुपारी पोलीस घरी येऊन यांना विचारपूस करून गेले. वागले नीट, पण गल्ली दारात उभी राहून बघत होती. "शिवायला गेले हेलिकॉप्टर!" अशी खसखस पुढं कितीतरी दिवस मिलमध्ये पिकली.

यांनी विलासशी बोलणं टाकलं. छिद्र पडलं याचं दुःख यांना होतंच, त्या बाईच्या नावानं जेवण गेलं नव्हतं यांना दोन दिवस. पण बोचलं ते वेगळंच. "गुपचाप काढून टाकाचं ना. उंदरानं कुरतडलं म्हनाचं. चार लोकांत माझं नाव काऊन घेतलं त्यानं? मी त्याले शिकवलं, अन् त्यानं माझं नाव घेतलं." मी समजावलं, भांडले, स्वयंपाक बंद करायची धमकी दिली. विलास फोन करायचा, मी उचलायची, यांच्याकडे धरायची, हे तोंड फिरवून उठून जायचे. विलास म्हणायचा, "राहू दे वहिनी, उतरन राग." त्याला पुन्हा समुद्राकडे पाठवलं, दिवाळी गेली, उन्हाळा गेला. पुन्हा पावसाळा आला तसा तो गडचिरोलीला परत आला.

आणि मग एका दुपारी यांनी आपण होऊन फोन उचलला आणि लावला. मला खरं वाटेना. फक्त तीन शब्द बोलले, "घरी ये ना." विलास नुसतं हव, हव. मग म्हणाला, उद्या येतो, दादा. त्याला उद्यापर्यंत दम निघाला नाही. ड्युटी संपली तसा निघाला.

तुम्हाला कळलं असेल यांच्यावर काय कोसळलं ते. हे रडले नाहीत. विलासची बायको मनीषा नागपूरहून आली, यांच्या गळ्यात पडली, तरी रडले नाहीत. "मी बोलावलं नसतं त," एवढं एकच. झोपेतून उठले तरी तेच, घास उचलला तरी तेच. मी म्हणायची, अहो, डुकरानं मारलं त्याले, तुमी नाई. ऐकत नव्हते. खायचे बंद झाले, मिलमध्ये जायचे बंद झाले, दाभण कुठं टाकून दिलं ठाऊक नाही. भाऊ गेला तो गेला, आता नवराही हातचा जातो की काय, याची मला भीती बसली. ती भीती मी कोणाला बोलले नाही, आज लिहिते आहे.

आमच्यात दिवसकार्याऐवजी पुण्यानुमोदन असतं, त्या दिवशी विलासच्या कंपनीतला कादिर आला होता, नागपूरचा, त्याच्याच हाताखाली शिकलेला. बुद्धवंदना झाली, लोकं पांगली, तरी तो पोरगा चुळबुळत बसून होता. शेवटी यांच्यापुढं येऊन बसला. "भाऊ, तुमीच देवरावभाऊ ना? मले तुमाले पाहाचंच होतं." यांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता हा ते शिवण्याचं काढतो आणि मी याला उठवून बाहेर घालवते.

"आमच्याकडं नवीन पोट्टे आले का विलाससर पहिले त्याईले कव्हरापाशी नेत," तो म्हणाला. "अन् म्हनत, 'माझा भाऊ देवराव, आरमोरीचा. त्याच्यासारखा टाका पुऱ्या जिल्ह्यात कोनाचा नाई. मी आज इथी हावो ते त्याच्या टाक्यावर. त्यालेबी हे उसवलेलं दिसलं. मी त्याले सारं दाखवलं, पन हे शिवाचं नसते येवढं सांगाचं राहून गेलं, चूक माझी. तुमालेबी हे उसवलेलं दिसन. हात लावू नका, मले हाक मारा.' दरवेळेस, भाऊ. तिकडं समुद्रावरबी. तुमचं नाव आमच्याकडं साऱ्याईले पाठ हाय."

यांनी मान वर करून विचारलं, "टाका काढाले तरास झाला असन त्याले."

कादिर ओशाळून हसला. "पुरा घंटा गेला, भाऊ. ब्लेड लावता येत नाई ना, पिशवी कापली जाते. एकेक टाका चिमट्यानं ओढून काढला. बोटं सोलून निघाली त्याची."

"साखळी टाका होता तो," हे म्हणाले. "पोत्याचा. डाव्या टोकाची गाठ सोडून दोरा ओढला का सर्रकन पुरा निघते. येका झटक्यात. ब्लेड नाई लागत, काई नाई लागत… त्यानं फोनवर 'आयक' म्हटलं होतं. तेच विचारत असन तो, कसा काढू म्हनून. अन् मी फोन कापला."

आणि मग हे रडले. लहान लेकरासारखे, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. मनीषा आतून धावत आली, मी तिला हातानं थांबवलं. कादिर घाबरून यांचा हात धरून बसला होता. रडणं जरा निवल्यावर त्यानं भीतभीत विचारलं, "भाऊ, हे गाठीचंबी सांगत जाऊ का पोट्ट्याईले, आता आमीच सांगतो त…"

यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"सांग," म्हणाले. "माझं नाव घेऊन सांग."