नमस्कारकाकू

नमस्कारकाकू कुणाचंही दुःख सूर्यनमस्कार झाल्याशिवाय ऐकून घ्यायच्या नाहीत. मुलुंडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सकाळी कुणी सुनेचं गाऱ्हाणं काढलं की म्हणायच्या, "आधी वाक, मग बोल." वाकल्यावर बोलायला दम उरायचा नाही, हा भाग वेगळा.

मूळच्या मालवणकडच्या. शाळेत पीटीच्या बाई होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी गच्ची ताब्यात घेतली आणि आम्हा बायकांना शाळेतल्या पोरींसारखं रांगेत उभं केलं. गंमत म्हणजे आम्ही उभ्या राहिलो.

मी त्यांच्या तावडीत सापडले ती माझे मिस्टर गेल्यावर. तेव्हा मी खात होते आणि टीव्हीसमोर बसत होते, बस्स. रडत नव्हते, आणि भेटायला येणाऱ्यांना नेमकं तेच खटकायचं. अंग सुटत गेलं. एकदा ओट्याखालचा डबा काढायला खाली बसले आणि उठताच येईना. कामवाली येईपर्यंत तशीच फरशीवर बसून राहिले. त्याचंही काही वाटलं नाही. मुलगा पवईहून धावत आला. म्हणाला, "आई, आता पुरे. हे घर विकू, तू आमच्याकडे चल." मला घर सोडायचं नव्हतं. तेव्हा मला तेवढं एकच नक्की कळत होतं.

काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे जमिनीवरून आपलं आपण उठता आलं पाहिजे. उद्या ये."

पहिल्याच सकाळी घोडं अडलं ते मंत्रापाशी. प्रत्येक नमस्काराआधी सगळ्याजणी सूर्याचं नाव घेत. मिस्टरांचं वर्ष सरलं नव्हतं. घरात सण नाही, पूजा नाही. खालच्या मजल्यावरच्या वहिनी हळूच म्हणाल्या, "वर्षाच्या आत हे चालतं का हो?" काकू म्हणाल्या, "ते सगळं देवघरापुरतं. गुडघ्याला कसलं आलंय सुतक?" मी तोंडावर सांगितलं, "काकू, मला देवाचं नाव घ्यायचंच नाही. त्याने माझं काय ठेवलंय?" मला वाटलं, आता ऐकवतील. पण शांतपणे म्हणाल्या, "नको घेऊ. तुझ्या वाटचं मी घेते. तू फक्त वाक." आणि खरंच, त्या प्रत्येक नाव दोनदा घ्यायला लागल्या.

मी वाकले कसली, कोसळले. दंड थरथरायचे, पोट मध्ये यायचं. "वाट लागली काकू," म्हटलं की म्हणायच्या, "लागू दे. उद्या परत लावू." मन लागत नाही म्हणून कुणी देवळात जायचं सोडलं की त्यांना राग यायचा. "मन म्हणजे वर्गात उशिरा येणारी पोर. ती येईपर्यंत काय शाळा बंद ठेवायची?" मला हे पटलं असं नाही. पण वाद घालायलाही जोर लागतो, त्यापेक्षा मी गच्चीवर जात राहिले.

एका सकाळी हात न टेकता उठले. काकू म्हणाल्या, "ठीक. आता परत." कौतुक बिवतुक काही नाही. मुलाला घरी बोलावून त्याच्यासमोर बसून उठून दाखवलं. घर विकायचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

पुढे काकूच आजारी पडल्या आणि बघता बघता वाळल्या. मी दुपारची जाऊन बसायचे. एकदा त्यांचा मुलगा मला बसवून औषधं आणायला गेला आणि मी पाणी आणायला आत गेले, तेवढ्यात त्या पलंगावरून घसरून खाली बसल्या. मी काखेत हात घालून पाहिलं, पण उचलवेना. मग मीही शेजारी बसले.

"तू ऊठ बघू," त्या म्हणाल्या.

"आत्ता?"

"ऊठ गो. मला बघायचंय."

मी पलंगाला हात न लावता उठले. त्यांनी परीक्षेला बसवल्यासारखं नीट पाहिलं. "उजवा पाय अजून बाहेर पडतो," म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "मी काही आता उठत नाही." मी परत खाली बसले. मुलगा आल्यावर आम्ही दोघांनी त्यांना वर घेतलं.

त्याच आठवड्यात त्या गेल्या. त्यांच्या घरून परत आले, दार लावलं आणि मला वाईट वाटलं. साधं, सरळ वाईट. मिस्टरांच्या वेळी जे आलंच नव्हतं, ते सगळं तेव्हा आलं. मी स्वयंपाकघरात फरशीवर बसले आणि अंधार पडेपर्यंत तिथेच रडत राहिले. उठता येत होतं.